पातीच्या कांद्याचे बुडखे फेकू नका : पेल्यापासून कुंडीपर्यंत

आपल्याला हव्या असतात दोन काड्या. ऑम्लेटवर भुरभुरायला, सूपवर घालायला, किंवा पोरांनी चायनीजच्या गाडीवरच्यासारखा फ्राइड राइस घरी मागितला म्हणून. मंडईत मात्र मिळते अख्खी जुडी. भाजीवाल्या मावशींकडे दोन काड्या सुट्या मागायची आपली हिंमत होत नाही. मग उरलेली पात फ्रिजच्या खालच्या खणात जाते आणि चौथ्या दिवशी हाताला बुळबुळीत लागते. माझ्याकडे कित्येक वर्षं हेच चाललं होतं.

पात चिरताना मुळ्यांकडचा जो बुडखा आपण कचऱ्यात टाकतो, तो पाण्यात उभा केला की दुसऱ्या दिवशी त्यातून हिरवा कोंब डोकावतो. इथपर्यंतचं तुम्ही मोबाइलवर पाहिलंच असेल. दहाव्या दिवशी त्या पेल्याला येणारा वास आणि तिसऱ्या कापणीला दोऱ्यासारखी झालेली पात मात्र त्या व्हिडिओंमध्ये दिसत नाही. ‘एकदा आणा, कायम खा’ असं म्हणणाऱ्यांनी बहुधा पाचव्या दिवशीच चित्रीकरण संपवलेलं असतं. पाणी हे फक्त पहिल्या आठवड्यापुरतं आणि पुढे माती लागतेच, एवढं डोक्यात ठेवून सुरुवात केली तर निराशा होत नाही.

आणखी एक आधीच सांगते. यात पैसे फारसे वाचत नाहीत. हंगामात जुडी स्वस्त असते आणि कुंडीतल्या आठ बुडख्यांतून चार माणसांची भाजी होत नाही. पात लागेल तेव्हा, लागेल तेवढी, कात्रीने कापून घेता येते, एवढाच फायदा. मला तो पुरेसा वाटतो.

आत काय चाललेलं असतं

तुळशीचा शेंडा खुडला की ती फांदी तिथेच थांबते आणि बाजूने फुटवे येतात. कांद्याच्या पातीचं उलटं आहे. पातीचं टोक हा तिचा सगळ्यात जुना भाग. नवी वाढ होते ती बुडाशी, जिथून मुळ्या फुटतात त्या चपट्या, कठीण चकतीच्या लगेच वर. ती चकती म्हणजे कांद्याचं खरं खोड. आपण कांदा म्हणून चिरतो त्या सगळ्या पाकळ्या म्हणजे पातींचेच जाड झालेले तळ आहेत. म्हणून वरून पात कितीही कापली तरी चकती आणि तिच्यावरचा वाढीचा डोळा शाबूत असेल तर आतून नवी पात वर सरकते. घडीची दुर्बीण उघडावी तशी, नळीतून नळी.

ही वाढ कशाच्या जोरावर होते? नळाच्या पाण्यात खत नसतं. बुडख्याच्या पांढऱ्या भागात साखर आणि इतर अन्न साठवलेलं असतं, त्यावर पहिली पात निघते. ती बुडख्याची शिल्लक. दुसरी कापणी त्याच शिल्लकीवर कशीबशी निघते आणि तिसऱ्या वेळी खातं रिकामं असतं. हिरवी पात सूर्यप्रकाशातून साखर तयार करते खरी, पण तिला नत्र लागतं आणि ते पेल्यात कुठून येणार? ते मातीतूनच मिळतं.

जुडी निवडताना

सगळं यश इथेच निम्मं ठरतं. मुळ्या असलेली जुडी घ्या. काही ठिकाणी भाजीवाले मुळ्या छाटून, धुऊन, चकचकीत करून जुड्या मांडतात. त्या दिसायला छान, पण चकतीच उडवलेली असेल तर त्यातून काही येणार नाही. मुळ्या मातीने माखलेल्या, थोड्या ओलसर, पांढरट असाव्यात. बुडाकडे हलकं दाबून पाहा, टणक लागलं पाहिजे. पात पिवळी असली तरी चालेल, ती आपण खाणार किंवा कापून टाकणार आहोत.

आपल्याकडे मंडईत येणारा पातीचा कांदा बहुतेक वेळा आपला नेहमीचाच कांदा असतो, कोवळा असताना उपटलेला. म्हणून त्याच्या बुडाशी सुपारीएवढी, कधी लिंबाएवढी गाठ असते. परदेशात राहणाऱ्यांना सुपरमार्केटमध्ये रबरबँड लावलेली जी सरळसोट, गाठ नसलेली जुडी मिळते (अमेरिकेत स्कॅलियन किंवा ग्रीन अनियन, इंग्लंडात स्प्रिंग अनियन), ती पुष्कळदा वेगळ्या जातीची असते. चीन-जपानकडची, गाठ न धरणारी आणि वर्षानुवर्षं जगणारी. तुमच्याकडे ती असेल तर तुमचं काम सोपं आहे. तिचा बुडखा मातीत एकदा रुजला की बाजूने फुटत राहतो.

आमच्या जुडीतली मोठी गाठ भाजीत घालावी की लावावी, असा प्रश्न पडतो. मी मोठ्या गाठी खाते आणि बारीक, बोटाएवढे बुडखे लावते. मोठी गाठ पाण्यात लवकर सडते, हा माझा अनुभव.

कुठे कापायचं

मुळ्यांपासून वर दोन बोटं सोडून कापा. म्हणजे साधारण ३ ते ४ सेंटिमीटर पांढरा भाग मुळ्यांना लागून राहिला पाहिजे. पहिल्यांदा मी काटकसरीने अगदी मुळ्यांना लागून कापलं होतं. आठ बुडख्यांपैकी एकही आला नाही, कारण वाढीचा डोळाच भाजीत गेला होता. दोन बोटं पांढरा भाग सोडायला जीव तुटत असेल तर एवढंच लक्षात घ्या की तोच पहिल्या आठवड्याचा खुराक आहे.

कापण्यासाठी विळी-सुरी काहीही चालेल, फक्त धार हवी. बोथट सुरीने पात चेचली जाते आणि चेचलेल्या जागेपासून कुजायला सुरुवात होते. मुळ्या खूप लांब असतील तर बोटाच्या पेराएवढ्या ठेवून छाटा. बुडख्यावरची सुटी, वाळकी साल काढून टाका आणि वाहत्या पाण्याखाली माती धुऊन घ्या. मुळ्यांत अडकलेली माती पेल्यात गेली की पाणी दुसऱ्याच दिवशी गढूळ होतं.

पेला

काचेचा पेला घ्या, आतलं दिसतं. लोणच्याची जुनी बाटली, जॅमची बरणी, काहीही चालेल. तोंड फार रुंद नको, नाहीतर बुडखे आडवे पडतात. रुंदच असेल तर तोंडावर बारीक जाळी किंवा भोकं पाडलेलं प्लास्टिकचं झाकण ठेवून त्यातून बुडखे उभे करा. माझ्या जावेने रबरबँड लावून सगळे बुडखे एकत्र बांधले होते. ते नको, मधल्यांना हवा लागत नाही आणि सड तिथूनच सुरू होते.

पाणी किती? फक्त मुळ्या आणि चकती बुडेल इतकं. पेल्याच्या तळाशी बोटाच्या पेराएवढं पाणी पुष्कळ झालं. नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक इथेच होते. बुडखा गळ्यापर्यंत बुडवला की त्याच्या थरांमध्ये पाणी शिरतं आणि तो चिकट होतो. साधं नळाचं पाणी चालतं. त्यात साखर, खत, ताक, तांदळाचं धुवण असलं काही घालू नका. त्याने फक्त वास लवकर येतो.

पेला उजेडात ठेवा. खिडकीचा कठडा उत्तम. या पहिल्या आठवड्यात दुपारचं कडक ऊन नको, पाणी तापतं. ओट्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलं तर पात येते, पण उजेड शोधत लांबच लांब, फिकट आणि मान टाकलेली.

पाणी रोज बदला. रोज जमत नसेल तर एक दिवसाआड, त्यापुढे मात्र अजिबात नाही. पाणी बदलताना मुळ्या बोटाने हलक्या चोळून धुवा आणि पेलाही आतून घासा. याला दोन कारणं आहेत. कांद्यात गंधकाची संयुगं असतात, त्यामुळे तो कुजायला लागला की घरभर कळतं. मी एकदा पेला भरून ठेवून चार दिवस गावी गेले. परत आल्यावर सासूबाईंनी दार उघडता उघडता विचारलं, गॅस लीक होतोय का. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून नवा डास उडतो. पावसाळ्यात महापालिकेची माणसं कुंड्यांखालच्या ताटल्या तपासत फिरतात ती याचसाठी. खिडकीतला पेलाही त्याच यादीत येतो.

पहिले आठ दिवस

दुसऱ्या दिवशी सकाळी कापलेल्या जागी मधोमध हिरवा ठिपका वर आलेला दिसतो. बाहेरची कड जिथल्या तिथे आणि मधली नळी अर्धा-एक सेंटिमीटर वर. हा क्षण मुलांना दाखवा. माझ्या मुलीने पेल्याला मार्करने रेघा मारून रोजची उंची लिहिली होती आणि शाळेतल्या कुठल्याही प्रकल्पापेक्षा त्यात तिचं मन जास्त रमलं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी जुन्या मुळ्या तपकिरी पडतात आणि त्यांच्यामधून नव्या, पांढऱ्याशुभ्र मुळ्या फुटतात. घाबरू नका, जुन्या मुळ्या जायच्याच असतात. पाचव्या दिवसापर्यंत पात वीतभर होत नाही, पण वाट बरोबर आहे हे कळतं. बाहेरची कापलेली साल वाळून कागदासारखी होते, ती अलगद सोलून टाका. आठव्या-दहाव्या दिवशी थंडीचा हंगाम असेल तर पात १५ ते २० सेंटिमीटर होते.

आता दोन वाटा आहेत. ही पात कापून खा आणि बुडखा टाकून द्या, म्हणजे प्रयोग संपला. किंवा पात न कापता बुडखा मातीत लावा. दुसरी वाट धरायची असेल तर आठवड्याच्या पुढे थांबू नका. पाण्यात वाढलेल्या मुळ्या नाजूक असतात. त्या जितक्या लांब होतात तितक्या मातीत लावताना तुटतात. मुळ्या दोन-तीन सेंटिमीटर झाल्या की लावून टाका.

खरं सांगायचं तर कुंडी तयार असेल तर पेल्याची पायरी गाळली तरी चालते. ताज्या जुडीचे बुडखे मी आता थेट मातीत लावते आणि त्यांतले बहुतेक येतात. पेल्याचा उपयोग म्हणजे कुठला बुडखा जिवंत आहे ते कळतं आणि नवख्या माणसाला धीर येतो.

मातीत लावणं

कांद्याच्या मुळ्या उथळ असतात, फार खोल जात नाहीत. म्हणून ६ इंच खोल कुठलंही भांडं पुरतं. आइस्क्रीमचा मोठा डबा, रंगाची अर्धी बादली, थर्माकोलचं खोकं, काहीही. खाली चार-पाच भोकं मात्र हवीत. भोकं नसलेल्या शोभेच्या कुंड्यांनी जितके कांदे मारले असतील तितके कुठल्या किडीने मारले नसतील.

माती साधी. दोन भाग बागेची माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). काळी, चिकट माती असेल तर कोकोपीट वाढवा किंवा मूठभर जाड वाळू मिसळा. शेणखत ताजं नको. ते मातीत कुजताना तापतं आणि कोवळ्या मुळ्या जळतात. हाताला घेतल्यावर मातीसारखं भुसभुशीत लागलं आणि शेणाचा वास गेला की ते तयार झालं समजा.

पेन्सिलीने किंवा बोटाने भोक पाडा, मुळ्या त्यात सरळ सोडा आणि बाजूची माती हलकी दाबा. पांढरा भाग अर्धा मातीत, अर्धा वर. कापलेलं तोंड मातीखाली जाऊ देऊ नका, पाणी घालताना त्यात माती-पाणी साचतं. दोन बुडख्यांत ५ सेंटिमीटर म्हणजे तीन बोटं अंतर ठेवा. ८ इंची कुंडीत आठ-नऊ बुडखे आरामात मावतात. पात खायची आहे, कांदा पोसायचा नाही, त्यामुळे एवढी दाटी चालते.

लावल्यावर पाणी घालून दोन-तीन दिवस सावलीत ठेवा. पात थोडी मान टाकेल, मग उभी राहील. नंतर कुंडी उन्हात. सकाळचं ४-५ तास ऊन मिळालं तर पात जाड, हिरवीगार आणि तिखट होते. फक्त उजेड मिळत असेल तर पात येते, पण पांचट.

पाणी रोज घालायलाच हवं असं नाही. मातीत बोट खुपसून पाहा. वरचं पेरभर कोरडं लागलं तर घाला. दर १५-२० दिवसांनी मूठभर गांडूळखत मातीवर पसरून हलकं मिसळा. घरात तांदळाचं धुवण निघत असेल तर ते आता, मातीत, अधूनमधून घालायला हरकत नाही. त्याने चमत्कार होत नाही, पण वायाही जात नाही.

हंगामाचं म्हणाल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा सुखाचा काळ. उन्हाळ्यात, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, कुंडी दुपारी सावलीत सरकवावी लागते. मुंबई-कोकणात आणि गोव्यात पावसाळा हा खरा शत्रू. तिथे जून ते सप्टेंबर कुंडी पागोळ्यांखाली ठेवू नका. छपराखाली, वारा लागेल अशा जागी घ्या.

पात कापायची कशी

घाई नको. मातीत लावल्यावर निदान तीन आठवडे हात लावू नका. आधी मुळ्या बसू द्या. पात वीतभर झाली की बाहेरच्या बाजूच्या एक-दोन काड्या कात्रीने कापा, बुडाशी दोन बोटं सोडून. मधली कोवळी पात ठेवा. ती उद्याची पात आहे आणि झाडाचं अन्न तिच्यातच तयार होतं. ओढून तोडू नका, अख्खा बुडखा हातात येतो.

सगळी पात एकदम कापायची वेळ आलीच, म्हणजे पाहुणे आले आणि पीठ पेरून भाजी करायची ठरली, तर कापा. पण मग त्या कुंडीला मूठभर खत आणि तीन आठवडे विश्रांती द्या. मी दोन कुंड्या ठेवते, एक कापायची आणि एक विसाव्याची.

मातीतल्या बुडख्याकडून तीन-चार महिने पात मिळते. त्यानंतर काड्या बारीक व्हायला लागल्या की उपटून पुढची जुडी लावायची. भावुक होण्यात अर्थ नाही.

बिघडतं तेव्हा

बुडखा चिकट झाला, वास आला: तो एकटा काढून फेका आणि बाकीचे धुऊन नव्या पाण्यात ठेवा. एक सडका बुडखा पेलाभर बुडखे घेऊन जातो.

पातीची टोकं पिवळी पडून वाळताहेत: जुन्या, बाहेरच्या पातीचं असं होणं स्वाभाविक आहे. नव्या पातीचंही होत असेल तर पाणी कमी पडतंय, ऊन जास्त लागतंय किंवा खत संपलंय. याच क्रमाने तपासा.

पातीवर चंदेरी-पांढुरके ओरखडे दिसतात: हे फुलकिडे. कोरड्या, उष्ण हवेत येतात आणि पातीच्या बेचक्यात लपून बसतात, त्यामुळे पटकन दिसत नाहीत. पात फाकवून पाहिली तर फिकट पिवळसर, तिळाहूनही बारीक किडे पळताना दिसतात. आधी पाण्याचा जोरदार फवारा थेट बेचक्यात मारा. दोन-तीन दिवस रोज असं केलं तर पुष्कळदा एवढ्यावर भागतं. नाही भागलं तर लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि भांड्यांच्या साबणाचे दोन-चार थेंब, संध्याकाळी फवारायचं. त्यानंतर आठवडाभर ती पात खाऊ नका, आणि नंतरही धुऊनच घ्या.

पावसाळ्यात पातीवर लांबट, जांभळट डाग: शेतकरी याला जांभळा करपा म्हणतात, ही बुरशी. कुंडीत औषधाच्या मागे लागू नका. डागाळलेली पात कापून कचऱ्यात टाका (खतात नको), कुंडी वाऱ्याला ठेवा आणि पाणी पातीवर न घालता मातीत घाला.

मधूनच एक जाड, कठीण, पोकळ दांडा वर आला आणि त्याच्या टोकाला पातळ पापुद्र्यातली कळी दिसली, तर तो डेंगळा. कांदा उत्पादकांच्या डोकेदुखीचा विषय, कारण डेंगळा आला की कांदा पोसत नाही. आपल्याला त्याचं काही नाही. कळी कोवळी असताना दांड्यासकट कापून परतून खा, चवीला छान लागते. एखादा डेंगळा ठेवलात तर त्यावर पांढऱ्या चांदण्यांचा गोंडा फुलतो आणि मधमाश्या येतात.

टोपलीतला कोंब फुटलेला कांदा

हा भाग मी मुद्दाम वेगळा ठेवला, कारण माझ्या मते जुडीच्या बुडख्यापेक्षा यातून पात जास्त मिळते आणि मराठी घरात याचा तुटवडा कधीच नसतो.

आपण पावसाळ्यात खातो तो उन्हाळ कांदा. मार्च ते मे या काळात शेतातून निघतो आणि नाशिक-नगरकडच्या कांदाचाळींत साठवला जातो. त्या चाळी जमिनीपासून उंच आणि खालून-बाजूने वारा खेळेल अशा बांधलेल्या असतात. कांद्याला वारा हवा, एवढाच त्याचा अर्थ. आपण मात्र तोच कांदा प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ओट्याखाली ढकलतो. त्यात आषाढ-श्रावणातली दमट हवा. कांद्याची झोप मोडायची वेळ तशीही झालेलीच असते, मग एकेकाला कोंब फुटत जातात. शिवाय ज्यांच्या घरी चातुर्मास पाळतात त्यांनी आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, भजी-थालीपीठ करून कांद्याचा निरोप घेतलेला असतो. टोपलीत राहिलेले चार-पाच कांदे मग कुणी विचारत नाही. हीच आपली लागवड.

कोंब फुटलेला कांदा हातात घेऊन दाबा. मऊ, पाणी सुटलेला, आतून काळी भुकटी असलेला असेल तर टाका. टणक असेल तर दोन पर्याय आहेत.

सोपा पर्याय: अख्खा कांदा, मुळ्यांची बाजू खाली करून, अर्धा मातीत पुरा. कोंब वर राहू द्या. पाणी बेताने, कारण सालीच्या थरांत ओल राहिली तर तो सडतो. आठ-दहा दिवसांत पातीचा झुपका होतो. साठा मोठा असल्यामुळे ही पात पहिल्यापासून जाड आणि भरपूर येते.

थोडा खटपटीचा पर्याय: कांद्याच्या बाहेरच्या सालीवर उभी चीर द्या, फार खोल नाही, आणि एकेक पाकळी सोलत आत जा. बहुतेक कांद्यांमध्ये आत एकच नाही, दोन-तीन स्वतंत्र कोंब असतात, प्रत्येकाचं आपलं आपलं बूड. ते चकतीसकट अलग करा. चकती तिघांत वाटून कापावी लागते, तिथे सुरी जपून चालवा. सोललेल्या पाकळ्या चांगल्या असतील तर फोडणीत घाला. सुटे केलेले कोंब तासाभर वाळू द्या आणि बुडख्यांसारखेच लावा. एका कांद्याची तीन रोपं झाली.

यातून पुन्हा मोठा कांदा मिळेल का, असं सगळे विचारतात. नाही. कांद्याचा जीवनक्रम दोन वर्षांचा असतो. पहिल्या वर्षी तो गाठ भरतो, दुसऱ्या वर्षी ती गाठ खर्चून फुलतो आणि बी धरतो. टोपलीतला कांदा पहिलं वर्ष संपवून आलेला आहे. त्याला आता डेंगळा काढायचा आहे, गाठ भरायची नाही. बियाण्यासाठी शेतकरी निवडक कांदे थंडीच्या तोंडाशी पुन्हा जमिनीत लावतात ते याच कारणाने. तेव्हा पात खा आणि समाधान माना. कांदा पिकवायचाच असेल तर तो बियांपासून, उळे टाकून (म्हणजे वाफ्यात बी पेरून), रोप करून पिकवायचा. तो वेगळा उद्योग आहे आणि बाल्कनीत परवडत नाही.

लाल कांद्याला कोंब लवकर फुटतात, हेही सांगून ठेवते. खरिपाचा, थंडीत बाजारात येणारा लाल कांदा मुळातच टिकाऊ नसतो. तो आणला तर थोडा आणा, आणि फुटला तर लावा.

लसूणही चालतो

कोंब फुटलेली लसणाची पाकळी, टोक वर करून, पेरभर खोल मातीत. आठवड्यात पात. लसणाची पात कांद्याइतकी पुन्हा पुन्हा येत नाही, दोनदा कापली की पाकळी रिकामी होते. पण ओली लसूण-पात, हिरवी मिरची, शेंगदाणे आणि मीठ वाटून केलेली चटणी एकदा खाल्लीत तर तुम्ही पाकळ्या मुद्दाम फुटायला ठेवाल.

घरात मांजर किंवा कुत्रं असेल तर ही कुंडी त्यांच्या आवाक्याबाहेर टांगा. मांजरांना गवतासारखं काही चावायची सवय असते आणि कांदा-लसणाची पात दोघांनाही विषारी असते, त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी तुटतात. भाजीच्या कढईतला उरलेला घासही त्यांना घालू नका.

पहिल्या कापणीचं काय करायचं

ती नेहमीच थोडी असते, मूठभर. तेवढ्यात भाजी होत नाही, पण पिठलं होतं. तेल थोडं सढळ, मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची. पातीचा पांढरा भाग आधी परता आणि मग पाण्यात कालवलेलं बेसन ओता. ढवळत राहा, वाफ आणा, आणि चिरलेली हिरवी पात अगदी शेवटी, गॅस बंद करताना घाला. आधी घातली तर रंगही जातो आणि वासही. भाकरी गरम असली पाहिजे.